काढता-घालता उंबरा

आमच्या खोलीचा उंबरा गरजेपुरता बसवायचा आणि एरवी माळ्यावर ठेवायचा, अशी आमच्या घरची पद्धत होती.

लोकांच्या घरचे उंबरे दारात असतात. त्यांच्यावर हळदीकुंकू पडतं, पोरं त्यांना अडखळतात आणि पिढ्यानपिढ्या ते जागच्या जागी झिजतात. आमचा उंबरा झिजला नाही. तो उचलून उचलून मी झिजलो! (बाभळीचा होता. बाभळीचं लाकूड किती जड असतं हे ज्याला बघायचं असेल त्यानं माझा उजवा खांदा बघावा. तो अजून डाव्यापेक्षा खाली आहे.) आता या वयात कुणी नुसतं 'उंबरा' म्हटलं तरी मला आधी टेकायला काहीतरी लागतं.

ही हकिकत माझ्या लग्नाच्या वेळची. सर्व्हिस मोटारीत बसल्यावर माणसं उतरेपर्यंत देवाचं नाव घेत, त्या काळातली. आम्ही बारामतीचे. कालव्याखाली वडिलांचा, म्हणजे तात्यांचा, वांग्यामेथीचा मळा होता आणि गावात घर होतं. घर म्हणजे पुढं सोपा, मागं माजघर आणि त्यात आईवडील, दोन काका, दोन काकू आणि मोजायचं सोडून दिलेली पोरं. निजताना जो आधी येईल त्याला भिंतीकडेची जागा मिळे. विशी उलटली तरी मला काही भिंत मिळाली नव्हती.

अशात माझं लग्न ठरलं. मुलगी इंदापूरची, नाव सरू. मी तिला एकदाच बघितलं होतं. ती गूळपाणी घेऊन बाहेर आली, तेव्हा घाबरून मी तांब्याऐवजी तिच्या वडिलांची तंबाखूची चंची उचलून तोंडाला लावली. ती हसली. मला आयुष्यात पुष्कळ लोक हसले, पण ते एक हसणं मला गोड लागलं. ती मला फार आवडली होती. तेव्हा असं बोलायची सोय नव्हती, म्हणून आता बोलून टाकतो.

सुपारी फुटल्यावर तिचे वडील, आबा, आमचं घर बघायला आले. माजघराच्या मधोमध उभं राहून त्यांनी चारी बाजूंना नजर फिरवली.

"तात्या, घर झ्याक हाय. पर पोरगी निजायची कुठं?"

"हितंच की! एवढी माणसं निजत्यात, त्यात आणिक एक."

"आन् जावईबापू?"

"त्यो बी हितंच. दाटी झाली तर सोप्यात घालू."

आबांनी पागोटं काढलं, डोकं खाजवलं आणि पागोटं परत घातलं. "असं करा, परसात एक खोली काढा. खोली झाली की लगीन. आन् पोरीचं एकच मागणं हाय. दाराला आतनं कडी पायजे."

आमच्याकडं दारांना कड्या होत्या, पण त्या बाहेरून. घरात माणसं नसताना कुत्री शिरू नयेत म्हणून! घरात माणसं असताना कडी लावायची, आणि तीही आतून, ही गोष्ट आमच्या घराण्यात कुणाला सुचली नव्हती.

"आतनं?" आईनं विचारलं. "ती कशापायी?"

आबांनी पुन्हा पागोटं काढून डोकं खाजवलं. काकू मात्र पदर तोंडाला लावून सोप्यात पळाल्या.

दुसऱ्या दिवशी तात्या म्युनिसिपालटीत जाऊन आले आणि सोप्यात डोकं धरून बसले. नियम असा निघाला, की परसात माणसांना राहायची खोली बांधायची, तर शेजाऱ्याच्या भिंतीपासून पाच हात जागा मोकळी सोडायची. आमचं परस सगळं मिळून सात हात रुंद!

"दोन हातांत खोली?" आई म्हणाली. "त्यात काय नवरानवरी उभी करून ठिवायची?"

गोठ्याला मात्र ही अट नव्हती. गोठा खुशाल भिंतीला चिकटून बांधा, कुणी विचारत नव्हतं. तात्यांनी पुन्हा कचेरी गाठली. तिथं एक ओव्हरसियर होते. भला माणूस, पण गावभरच्या परसांत हिंडून 'इथं कोण राहतं' असं विचारून विचारून पार कंटाळलेला.

"सायेब," तात्या म्हणाले, "खोली कंची आन् गोठा कंचा, हे वळखायचं कसं?"

ओव्हरसियरांनी जांभई दिली. "उंबरा असला की खोली. गोठ्याला उंबरा नसतो, जनावर अडखळतं. सोपं आहे."

आमच्या तात्यांना कुणी 'सोपं आहे' असं सांगू नये. ते घरी आले तेच मुळी हसत. "गोठा बांधायचा! वर पत्रा, खाली शेणानं सारवलेली जमीन, एका अंगाला गव्हाण. गव्हाणीवर फळी टाकली की पोरीला भांडी ठिवायला मांडणी. फकस्त उंबरा तेवढा न्हाय बसवायचा!"

हे ऐकल्यावर आई चुलीपुढून उठली. ती चुलीपुढून उठली की काहीतरी रद्द होत असे.

"उंबरा न्हाय? मग सून माप कशावर लवंडल? माज्या डोस्क्यावर?"

"अगं, पुढल्या दाराला हाय की उंबरा. तितं लवंडू दे माप."

"तितलं तितं. नवी वास्तू, नवं माप! तांदळाचं माप उंबऱ्यावर ठिवल्याबिगर, आन् सुनंनं ते पायानं लवंडल्याबिगर, त्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं न्हाय. बिनउंबऱ्याच्या दारातनं म्हसरं जात्यात, लक्षुमी न्हाय!"

तिसऱ्या दिवशी तात्या सुताराला घेऊन आले आणि त्या दोघांनी मिळून ती करामत केली. चौकटीच्या दोन्ही पायांना खाचा पाडल्या. त्या खाचांत उंबरा वरून बसवायचा आणि डाव्या अंगानं पाचर ठोकायची. पाचर काढली की उंबरा उचलून माळ्यावर! हवा तेव्हा गोठा, हवी तेव्हा खोली. तात्यांना स्वतःच्या अकलेचा इतका अभिमान वाटला, की ते वाटेनं जाणाऱ्या कुणालाही बोलावून उंबरा काढून दाखवू लागले. काढत अर्थात मी होतो.

"दत्तू, काढ!"

मी काढायचो.

"आता बसव!"

मी बसवायचो. आधी खांदा दुखला, मग कंबर. शेवटी तर काहीच वेगळं दुखेना, सगळा मीच दुखू लागलो.

एवढ्यानं भागतंय होय? ओव्हरसियर म्हणाले होते, 'येईन एखाद्या दिवशी बघायला.' आणि आमची जनावरं होती मळ्यात! रिकामा गोठा दाखवायचा कसा? म्हणून तात्यांनी वरकुट्याच्या मावशीची म्हैस मागून आणली. चंद्री तिचं नाव. चंद्री नव्या खोलीत आली, नव्या भिंतीला अंग घासलं, माझ्या होणाऱ्या बायकोच्या मांडणीतली वैरण खाल्ली आणि तिथंच बसली. नव्या जागी तिला करमेना, ती रात्रभर हंबरायची. मग तिच्या सोबतीला कुणीतरी निजायला हवं असं ठरलं. कोण निजणार? ज्याची खोली तो! शेवटी मला भिंत मिळाली. फक्त भिंत आणि मी यांच्यामध्ये चंद्री होती.

एक दिवस तात्या दाराकडं बघत म्हणाले, "दत्तू, ती आतली कडी बी उचकटून ठिव. सायबानं बघितली तर इचारल."

"कडी न्हाय काढायची," मी म्हणालो.

मी तात्यांना आयुष्यात पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं. तात्याही दचकले आणि मीही.

"का रं?"

"तिनं एकच गोष्ट मागितलीया, तात्या. उंबरा काढा, म्हस बांधा, मला गव्हाणीत निजवा. कडी ऱ्हाऊ द्या."

तात्यांनी कडीवरून हात फिरवला. मग "बरं" एवढंच म्हणाले.

आणि मग तो दिवस उगवला. आदल्या दिवशी सांगावा आला, की आबा खोली बघायला येतायत. पहाटेपासून धावपळ! चंद्रीला पुढं नेऊन रस्त्याकडेच्या चिंचेला बांधलं. जमीन सारवली, भिंतींना चुना दिला, बाज टाकली. मी उंबरा बसवला, पाचर ठोकली. आईनं वर हळदीकुंकू वाहिलं. आबा मोटारीतून उतरले ते धूळ झटकतच परसात आले. उंबऱ्यावर पाय न देता आत गेले, बाजेवर बसले आणि त्यांनी नाक वर केलं.

"वास कशाचा म्हणायचा?"

"नव्या मातीचा," तात्या म्हणाले.

"माती ओळखीची वाटती." आबांनी उठून कडी दोनदा लावून-काढून बघितली आणि खूश होऊन परत बाजेवर बसले. "झ्याक! आता हरकत न्हाय."

मी मनातल्या मनात देवापुढं नारळ फोडला. तो फुटतो न फुटतो तोच पुढून हाक आली.

"तात्या! गोठा बांधलाय ना? मग म्हैस रस्त्यावर कशी?"

ओव्हरसियर!

तात्यांचा चेहरा चुना दिलेल्या भिंतीसारखा झाला. "दत्तू, उंबरा!" असं दबक्या आवाजात म्हणून ते साहेबांना अडवायला पुढं धावले. मी पाचर उपसली आणि उंबरा उचलला. आबा आत बाजेवर बसून बघतायत!

"जावईबापू, हे काय चाललंय?"

"त्याला... तेल पाजायचंय," मी म्हणालो.

"आत्ता?"

"तहानलाय," माझ्या तोंडून गेलं. उंबरा माळ्यावर चढवायला वेळ नव्हता. मी तो बाजेखाली सरकवला, आणि तेवढ्यात ओव्हरसियर दारात आले. मागून तात्या चंद्रीला ओढत आणत होते.

ओव्हरसियरांनी आत बघितलं. पांढऱ्या भिंती, बाज, तिच्यावर पागोटंवाले आबा.

"हे कोण?"

"आमचं पाव्हणं," तात्या म्हणाले. "म्हशीला बघाया आल्यात."

आबांच्या मिशा थरथरल्या, पण माणूस भारदस्त, परक्यापुढं बोलले नाहीत. तेवढ्यात चंद्री ओळखीच्या जागी शिरली, मांडणीपाशी गेली आणि आबांच्या मांडीवरचं उपरणं हुंगू लागली. ओव्हरसियरांनी दाराच्या मागं बघितलं.

"कडी आतून?"

त्यांनी ती एकदा लावून बघितली.

"तात्या, म्हैस आतून कडी लावते?"

"म्हस न्हाय, सायेब. दत्तू लावतो. त्यो निजतो नव्हं म्हशीजवळ."

"म्हणजे इथं माणूस राहतो!"

संपलं, असं मला वाटलं. खोली गेली, लग्न गेलं, सरू गेली. आणि मग तात्यांनी ते वाक्य उच्चारलं.

"दत्तू? अवो सायेब, दत्तूला कुठं माणसात धरताय!"

ओव्हरसियरांनी माझ्याकडं निरखून बघितलं. माझ्या केसांत वैरण होती, सदऱ्याला शेण होतं, हातात पाचर होती. चंद्रीनं त्याच वेळी मान वळवून माझा खांदा चाटला.

"नाही, ते बरोबर आहे," ओव्हरसियर म्हणाले. "गोठाच आहे." आणि कपाळ पुसत निघून गेले.

आम्ही जिंकलो होतो. तात्या टाळी द्यायला आबांकडं वळले. आबा उठून उभे राहिले होते.

"तात्या, माजी पोरगी गोठ्यात न्हाय द्यायची मी."

"अवो, ते सायबापुरतं! थांबा, दत्तू उंबरा बसवतो..."

"आन् ज्याला बापच माणसात धरत न्हाय, त्याच्या पदरात पोर टाकू?"

तात्यांनी टाळीला उचललेला हात खाली घेतला. प्रश्न रास्त होता. आई दारात येऊन उभी राहिली, तिच्या हातातला गूळपाण्याचा तांब्या तसाच राहिला. आबांनी पाण्यालाही हात लावला नाही.

मी त्यांची पिशवी उचलून मोटारीपर्यंत गेलो. मोटार सुटायच्या वेळी मात्र मला राहवलं नाही.

"आबा, गोठा झाला, हे खरं हाय. उंबरा काढायचा हाय, हे बी खरं. पर कडी तिच्यासाठी हाय. तात्या म्हणलं, सायेब यायच्या आदी काढ. मी न्हाय काढली. एवढं तिला सांगा."

आबांनी काचेतून समोर बघितलं. मोटार धूर सोडून गेली. मी घरी येऊन गव्हाणीपाशी बसलो, आणि खरं सांगायचं तर चंद्रीच्या मानेला डोकं टेकून रडलो. ती रवंथ करत राहिली. तिच्यासारखं ऐकून घेणारं त्या घरात दुसरं कुणी नव्हतं.

आठवडी बाजाराच्या दिवशी इंदापूरचा एक माणूस निरोप घेऊन आला. "आबांनी सांगितलंय, पोरगी म्हणती, कडी हाय नव्हं? मग होऊ द्या."

मी इतका आनंदलो, की कुणी सांगितलं नसताना उंबरा काढून बसवून दाखवला!

लग्न इंदापूरला झालं. रात्रीच निघालेली वरात बैलगाड्यांतून बारामतीला पोचेपर्यंत दुसरा दिवस कलला. नवरा, नवरी, वाजंत्री, बैल, सगळ्यांचे चेहरे सारखेच उतरले होते. आणि इथं तात्यांनी आपली दुसरी अक्कल चालवली होती. आनंदाच्या भरात त्यांनी म्युनिसिपालटीच्या सगळ्या मंडळींना जेवायला बोलावलं होतं! सोप्यात पहिल्या पंगतीला ओव्हरसियर बुंदी खात बसलेले.

"तात्या!" मी मुंडावळ्यांच्या आडून ओरडलो. "ह्यांना कशाला?"

"अरं, त्यांच्यामुळंच खोली झाली की! तू गप. ते बुंदी संपवूस्तवर मी मागं उंबरा बसवतो."

पुढच्या दाराचं माप सुरळीत झालं. मग आम्ही मागं निघालो. सरूच्या शालूला माझ्या उपरण्याची गाठ. तिचे पाय इतके भरून आले होते, की ती फरफटत चालत होती. परसात गेलो तर दारात उंबरा बसलेला, हळदीकुंकू वाहिलेलं, वर तांदळाचं माप. मला बरं वाटलं. मग माझी नजर डाव्या अंगाला गेली.

पाचर नव्हती!

पाचर ठोकायची असते हे तात्यांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. करामत त्यांची, पण उंबरा आजवर त्यांनी कधी हातानं बसवलाच नव्हता. मी तोंड उघडलं, तेवढ्यात वाजंत्र्यांनी ताशावर टिपरी मारली आणि सरूनं पाय उचलला. दिवसभराच्या दमलेल्या पायाला जोराचा अंदाज कुठला! माप लवंडलं, तांदूळ सांडले, आणि त्यांच्यापाठोपाठ उंबरा खाचेतून निसटून 'धाड' करून खोलीच्या आत जाऊन पडला.

ताशा थांबला. आईनं "अगं बया!" म्हणून कपाळावर हात मारला. काकू रडायला लागल्या. "उंबरा निखळला गं! पयल्याच पावलाला!" पोरीला पोचवायला आलेले आबा पुढं झाले, तात्या मागं झाले, आणि गलका ऐकून हातात बुंदीची पत्रावळ घेऊन ओव्हरसियर परसात आले.

सरूनं एकदा सगळ्यांकडं बघितलं. मग ती आत गेली, वाकली, बाभळीचा तो उंबरा दोन्ही हातांनी उचलला (मला दोन ठिकाणी टेकवावा लागायचा!) आणि कोपऱ्यात भिंतीला उभा करून ठेवला. तिच्यामागं ओढलं जाऊन माझ्या खांद्यावरचं उपरणं गाठीसकट आत गेलं. मी नुसताच बाहेर राहिलो. मग तिनं दार लोटलं आणि आम्हा सगळ्यांच्या देखत आतून कडी लागल्याचा आवाज आला.

आई खाली बसून सांडलेले तांदूळ गोळा करू लागली.

ओव्हरसियरांनी रिकाम्या चौकटीच्या खाचा बघितल्या. मग तात्यांकडं बघितलं, मग बुंदीकडं. "तात्या, ही खोली आहे की गोठा?"

"उंबरा कुठं हाय, सायेब?" तात्या क्षीण आवाजात म्हणाले.

"उंबरा नाही खरा." त्यांनी बुंदीचा घास घेतला. "मग गोठाच. मला आता काही विचारू नका, मी दमलोय." आणि ते पंगतीत जाऊन बसले. त्यांच्यामागून सगळे गेले. भूक सगळ्यांनाच लागली होती. परसात मी आणि लग्नापुरती बाहेर बांधलेली चंद्री, दोघंच उरलो.

मी दारावर हळूच टकटक केलं. "मी हाय."

आतून बांगड्या वाजल्या. मग अगदी दाराच्या फटीपाशी ती बोलली. त्याच आवाजात ते गूळपाण्याच्या वेळचं हसणं होतं.

"सायेब गेलं का?"

"जेवाय बसल्यात."

"हितं माणसानं ऱ्हायचं न्हाय म्हणं. कायदा हाय."

"मग मी काय करू?"

कडी निघाली.

"तुमी या की! तुमास्नी कुठं कुणी माणसात धरलंय!"

मी गेलो. तेव्हापासून आत आहे, आणि मला माणसात धरावं असा अर्ज अजून कुणीही केलेला नाही.